धाकटीच्या पोटरीतला गोळा

माझ्या धाकट्या जावेला जिममध्ये मीच नेलं, हे आधी सांगून टाकते. घरात आता ते कुणाच्याही लक्षात नाही.

नंदुरबारच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, ते इथलेच झाले. दुपारी पुरुष जेवायला घरी गेले की गल्ल्यावर मी बसते, ती संध्याकाळपर्यंत. लग्नसराईत तोरणमाळकडची माणसं येतात, ती पातेलं नुसतं बघून घेत नाहीत. उचलून बघतात, बोटाने वाजवून बघतात, मग दुसरं काढायला लावतात. असंच एकदा वरच्या फळीवरून पितळी पातेलं काढताना पाठीत चमक भरली ती जाईना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या खाऊ नका, पाठीत ताकद आणा, वजन उचला. मी म्हटलं, जन्मभर तेच तर करतेय. पण गेले.

बायकांची वेळ संध्याकाळची होती. जिम मिरची बाजाराच्या वाटेवर, दुसऱ्या मजल्यावर. मिरचीच्या दिवसांत खिडकी उघडली तर बार उचलता उचलता शिंका येतात, बंद ठेवली तर जीव गुदमरतो. तरी मला ती जागा आवडली. तिथे मला कुणी भाजी काय करायची ते विचारत नव्हतं. शिकवणारी मुलगी जवळच्या रनाळ्याची, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण तिला आम्ही सगळ्या मॅडम म्हणतो. घरात आम्ही मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि मराठी शाळेतली. इथे सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते. फक्त मॅडमचं नाही, ती अहिराणीच बोलते. तिचं बोलणं मराठीत आणलं की त्यातला तिखटपणा जातो.

जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून कमरेपर्यंत आणायचा आणि सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. मला ते पहिल्याच महिन्यात जमलं. वजन वाढत गेलं, पाठ गप्प झाली. चार-पाच महिने ते सगळं माझं एकटीचं होतं. या घरात आल्यापासून माझं एकटीचं असं दुसरं काय होतं ते मला आठवून सांगावं लागेल.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "धाकटीलाही घेऊन जा. ती पण जाड होत चालली आहे." सासूबाईंना आम्ही बाई म्हणतो. बाईंनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

धाकटी जाड वगैरे काही नव्हती. पहिल्या दिवशी मॅडमने आम्हा दोघींना काट्यावर उभं केलं, तेव्हा आम्ही एकाच वजनगटात बसतो असं निघालं. मी काट्याकडे दोनदा पाहिलं. तिच्या अंगावर ते वजन कुठे असतं ते मला आजवर कळलेलं नाही. माझं कुठे आहे ते मात्र सगळ्यांना दिसतं.

आणि ती भराभर शिकली. मला महिना लागला ते तिला आठवड्यात आलं. मॅडम माझ्या सेटला "बरं शे" म्हणायची आणि तिच्या सेटला "वा भाभी, वा". मी कमरेचा पट्टा आवळत उभी असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येताना धाकटी माझ्यासाठी जिन्यात थांबायची, माझी पिशवी घ्यायची, वर म्हणायची, "भाभी, तुमच्यामुळे मला हे मिळालं." अशी माणसं फार त्रास देतात. भांडताही येत नाही.

आता चौविहाराचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आम्हा जैनांत सूर्य बुडाल्यावर खायचं नाही, आणि चौविहार घेतला तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. सकाळीसुद्धा सूर्य उगवल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग पाणी. पुष्कळ लोक चातुर्मासापुरता घेतात. त्या वर्षी आषाढात स्थानकात, म्हणजे आमच्या साध्वी चातुर्मासात उतरतात तिथे, महासतीजींनी प्रवचनानंतर विचारलं, चार महिने चौविहार कोण कोण करणार? माझ्या शेजारी धाकटीचा हात वर गेला. बाई मागे वळून तिच्याकडे बघून हसल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला पुढच्या चातुर्मासापर्यंत द्या. वर्षभराचा."

सगळं स्थानक माझ्याकडे बघत होतं. महासतीजींनी मला, "नीट विचार केला आहेस ना?" असंही विचारलं. मी मान हलवली. पच्चक्खाण घेतलं, म्हणजे व्रत बांधून घेतलं. घरी येईपर्यंत मी हवेत होते. बाईंनी त्या संध्याकाळी शेजारणीला, मग तिच्या नणंदेला, मग दुकानात आलेल्या व्यापाऱ्यालाही सांगितलं, थोरलीने वर्षाचा घेतला म्हणून.

पावसाळ्यात काही जाणवलं नाही. सूर्य उशिरा बुडायचा, जिममधलं आमचं निम्मं-अधिक काम तोवर उरकायचं. कार्तिक पौर्णिमेला धाकटीचा चौविहार सुटला. आणि दिवस लहान झाले. आम्ही जिना चढायचो तेव्हाच बाहेर अंधारायला लागलेलं असायचं. म्हणजे माझं पाणी बंद, आणि खरं घाम गाळायचं काम त्यानंतर.

पहिला गोळा मला पोटरीत आला. बार खाली ठेवला, एक पाऊल मागे घेतलं, आणि आतून कुणीतरी मूठ आवळल्यासारखी पोटरी दगड झाली. मी खालीच बसले. मॅडम धावत आली, माझी टाच एका हाताने धरली आणि चवडा माझ्याकडे, वरच्या बाजूला, हळूहळू दाबत गेली. "गुडघा सरळ ठेवा भाभी. चवडा खाले ताणशात तर गोळा येस, वर ओढशात तर सुटस." सुटला. पण दुसऱ्या दिवशी तोच, तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागच्या बाजूला. रोज दोन सेट बरे जायचे आणि तिसऱ्याला मी जमिनीवर.

धाकटी मात्र प्रत्येक सेटनंतर बाटली उघडायची. लिंबू, मीठ, थोडी साखर घातलेलं पाणी, ती स्वतः घरून करून आणायची. मान वर करून गटागटा प्यायची आणि मनगटाने ओठ पुसायची. ते पाहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. पुढे पुढे मी तिच्या सेटनंतर भिंतीकडे तोंड करून उभी राहायला लागले. मॅडमला वाटायचं मी खांदे मोकळे करतेय.

मॅडमने मला एकदा धरलंच. "कितलं पानी पिधं दिवसभर?"

मी म्हटलं, "दुपारी जेवताना."

"आणि?"

"आणि काय? दुकानात गर्दी होती."

"आते पी ल्या मंग."

मग सांगावं लागलं. तिला चौविहार माहीत होता, नंदुरबारात राहून कुणाला माहीत नसतो. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने मला उकडलेला बटाटा खायला सांगितला, तो आमच्यात चालत नाही. सकाळी या म्हणाली, सकाळी पुरुषांची वेळ, आणि सकाळी माझं पाणी उघडलेलंही नसतं. दुपारी या म्हणाली, दुपारी गल्ल्यावर कोण बसणार? शेवटी ती म्हणाली, "मंग उन्हाळापावत सुट्टी ल्या. दिवस मोठा व्हतीन तवय या."

सुट्टी. आणि धाकटी इथे एकटी रोज "वा भाभी" ऐकणार. मी म्हटलं, सुट्टीबिट्टी काही नाही.

त्याच सुमारास जळगावच्या स्पर्धेचं निघालं. बायकांची, पस्तिशीच्या पुढच्यांची. आमच्या जिमला प्रत्येक वजनगटात एकच बाई पाठवता येणार होती. आमच्या गटात आम्ही दोघीच. मॅडमने सांगितलं, माघात एका संध्याकाळी इथेच दोघींची चाचणी घेईन, जी ऐंशी किलो नीट उचलेल ती जाईल. दोघींनी उचललं तर पुढे वाढवू.

मला जायचं होतं. सरळच सांगते, मला कधीच कशाला एवढं जायचं नव्हतं. माझ्या भाच्याच्या लग्नालासुद्धा नाही. आणि पदकासाठीही नाही. जी जाईल तिचं नाव जिमच्या पाटीवर लागेल आणि बाई ते दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतील. ते नाव धाकटीचं असलं तर मी त्या घरात कशी राहिले असते मला माहीत नाही. राहिलेच असते म्हणा. पण मला ते नको होतं.

मग मी मनावर घेतलं. मॅडमने सांगितलेल्यातलं जे चालण्यासारखं होतं ते सगळं धरलं. सकाळी पाणी उघडलं की तिथपासून थोडं थोडं प्यायला लागले. एकदम तांब्याभर प्यायलं की ते नुसतं निघून जातं, हे मला दुकानात गिऱ्हाइकासमोरून उठून पळावं लागलं तेव्हा कळलं. गल्ल्याखाली पितळी लोटी ठेवली आणि दर गिऱ्हाइकामागे दोन घोट असा नेम केला. दुपारी मीठ घातलेलं ताक. उन्हं कलल्यावर केळं आणि लिंबाचं सरबत, त्यात चवीपेक्षा थोडं जास्त मीठ. शेवटचा पेला सूर्य बुडायच्या आधी, दुकानाच्या पायरीवर उभी राहून, आकाशाकडे बघत. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "भाभी काय चंद्र शोधता का?"

जिममध्येही सवयी बदलल्या. आधी मी जिना चढून आले की थेट बार धरायची, धाकटीच्या आधी प्लेटा चढवायच्या म्हणून. आता रिकाम्या बारने सुरुवात करायला लागले. पोटऱ्या, मांड्या आधी गरम करायच्या, वजन एकदम उडी मारून वाढवायचं नाही, दोन सेटमध्ये नीट थांबायचं, आणि झाल्यावर पाय ताणून घ्यायचे. मला थांबणं सगळ्यात अवघड गेलं. मी थांबलेली असताना धाकटी उचलत असायची.

गोळे कमी झाले. मग आठवड्यात एखादा. मग तोही नाही. मी हे कुणालाही सांगितलं नाही. धाकटीने विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

बाई इकडे माझं कौतुक थांबवत नव्हत्या. हे मला तेव्हा धड लक्षात आलं नाही, कारण माझे कान दुसरीकडे असायचे. पण स्वयंपाकघरात, दारात, फोनवर, एकच पालुपद चालायचं: "आमची थोरली पाण्याचा थेंब न घेता एवढी वजनं उचलते." धाकटी पोळ्या लाटत असायची. वर बघायची नाही.

चाचणीच्या दिवशी दुकानात गर्दी होती, तरी माझी लोटी तीनदा भरली. शेवटचा पेला पायरीवर प्यायले. धाकटी घरून निघाली, वाटेत मला भेटली. नेहमीची बाटली तिच्या हातात होती. माझी पिशवी घ्यायचंही तिला सुचलं नाही. मला वाटलं घाबरली, आणि मला बरं वाटलं.

जिममध्ये सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मॅडमने चिठ्ठ्या टाकल्या, धाकटीची पाळी आधी आली. साठ तिने सहज उचललं. सत्तरही. मीही तिच्यामागून ती दोन्ही वजनं उचलली. मग बारवर ऐंशी चढलं. धाकटी पुढे झाली, वाकली, बार धरला. गुडघ्यापर्यंत आणला, वर आणला, उभी राहत होती. मी मनात काय म्हणत होते ते लिहीत नाही. तेवढ्यात तिचा चेहरा पांढरा पडला, बार दाणकन खाली आला आणि ती उजवी पोटरी धरून आडवी झाली.

मॅडम पलीकडच्या टोकाला होती. मी जवळ होते. मी गेले. त्या कामात एव्हाना माझ्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. तिचा बूट काढला, टाच धरली, गुडघा सरळ केला आणि चवडा वर दाबत गेले. पोटरी हाताला दगडासारखी लागत होती. एका क्षणी मी जरा जास्तच जोराने दाबलं असेन, ती कळवळली.

"पाणी दे तिला," मी कुणालातरी म्हटलं. कुणीतरी तिची बाटली उघडून पुढे केली. काठोकाठ भरलेली होती. धाकटीने मान फिरवली.

"नाही चालणार," ती म्हणाली. "माझा चौविहार आहे."

मी तिचा पाय धरून तशीच बसले. "तुझा कार्तिकात सुटला ना?"

"परत घेतला. पौषी पौर्णिमेपासून. मनातल्या मनात." ती दात आवळून बोलत होती. "निभला नाही तर हसं नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. बाटली आणायची आणि तशीच न्यायची."

"कशाला पण?"

"बाई येता-जाता तुमचंच सांगतात, भाभी. थोरली पाण्याशिवाय उचलते. मी पाणी पिऊन उचललं तर त्याचं काय कौतुक?" तिचे डोळे भरले, ते दुखण्याने की कशाने कुणास ठाऊक. "मला ऐकवत नव्हतं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगू? वर्षभर मी तिच्यावर जळत होते आणि ती पोळ्या लाटता लाटता माझ्यावर जळत होती. इतकं गोड वाक्य मला माहेरीसुद्धा कुणी ऐकवलं नव्हतं. दिवसभर पाणी भरून ठेवावं लागतं, नुसतं रात्रीचं तोडून चालत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी तिचा चवडा धरून आणखी थोडा वेळ बसले, गोळा सुटला होता तरी.

मग मॅडम म्हणाली, "थोरल्या भाभी, तुमनी पाळी."

मी उठले. हाताला खडूची पूड लावली, पट्टा आवळला, वाकले. बार गुडघ्यापर्यंत आला, मांडीला घासून वर आला, मी सरळ उभी राहिले. पाठ सरळ, खांदे मागे. पोटरी, मांडी, कुठेही काही नाही. इतकं स्वच्छ मी कधीच उचललं नव्हतं. मी मॅडमकडे पाहिलं. ती हिशेबापुरती मान हलवून परत धाकटीच्या पायाशी वाकली. बायका सगळ्या तिच्याभोवती. कुणी ओढणीने वारा घालत होती, कुणी पोटरी चोळत होती. "चौविहारात ऐंशी उचलायला गेली," एक जण दुसरीला सांगत होती. मी चौविहारात ऐंशी हातात धरून उभी होते. कुणी बघत नाही असं दिसल्यावर बार खाली ठेवला.

जळगावला मी जाणार हे ठरलं. मॅडमने जाताना सांगितलं, विसरल्यासारखं.

घरी धाकटी माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत जिना चढली. मी तोंड उघडायच्या आत तिच्या चौविहाराची गोष्ट बाईंपर्यंत पोहोचली होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण आमच्याबरोबरच जिमला येते, ती पुढे धावली होती. बाईंनी धाकटीला पलंगावर बसवलं आणि तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बाईंनी माझा पाय कधी मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही, आणि या हिवाळ्यात घेण्यासारखे प्रसंग पुष्कळ आले होते.

"कुणाला न सांगता घेतला," बाई म्हणत होत्या. "कुणाला न सांगता. याला म्हणतात."

"बाई, मी ऐंशी उचललं," मी म्हटलं. "जळगावला मी जाणार आहे."

"हो का? छान झालं," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पोटरीकडे होतं. "जरा तेल कोमट करून आण गं हिच्यासाठी."

धाकटी म्हणाली, "राहू द्या भाभी, तुम्ही दमल्या असाल." आणि माझ्याकडे अशी बघून हसली की मला तेल आणायला जाणं भाग पडलं.

मी स्वयंपाकघरात कढल्यात तेल ओतलं, गॅस बारीक केला. बाहेरून बाईंचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. पाण्याचा थेंब न घेता, पोटरीत गोळा येईपर्यंत, आमची धाकटी.

मी ओट्याला धरून एक पाय मागे घेतला. टाच वर उचलली आणि चवडा खाली ताणला, मॅडमने नको म्हणून सांगितलं होतं तसाच. अजून ताणला. बोटंही आवळली. तशीच उभी राहून वाट पाहिली.

दिवसभर पाणी नीट प्यायले होते. गोळा आला नाही. तेल तापलं, ते वाटीत काढून मी बाहेर नेऊन दिलं.